काही करत नाही हो तो!

फाटकावर पाटी असते : 'कुत्र्यापासून सावध राहा'. त्याच पाटीशेजारी उभे राहून, एका हातात ताणलेला पट्टा धरून, दारात थबकलेल्या पाहुण्याला गृहस्थ सांगत असतात, ''या, या, काही करत नाही हो तो!'' पाटीचे पैसेही यांनीच दिलेले असतात. पिल्लू आणताना त्यांची अट एकच होती, की वेळप्रसंगी याने काहीतरी केलं पाहिजे. आणि ते मोठं झाल्यापासून इस्त्रीवाला, गॅस सिलिंडरवाला, वर्गणीवाली मुलं आणि वरच्या मजल्यावरच्या काकू यांना ते दिवसाकाठी दहा वेळा पटवत असतात, की हा काहीच करत नाही. या विसंगतीवरून डॉबरमनवाल्यांना हसण्याची प्रथा आहे. मला मात्र वाटतं, की यात माणूस खरा आहे आणि पाटी खोटी. फक्त आपण खरं का बोलतोय, हे त्या माणसाला माहीत नसतं.

डॉबरमनवाला हा मुळात मवाळ माणूस. रॉटविलर घ्यावा एवढी छाती नाही आणि पॉमेरियनवर भागवावं एवढा निरिच्छही नाही. सोसायटीच्या सभेत त्याचं बोलणं पूर्ण होण्याआधी पुढचा विषय सुरू झालेला असतो, रिक्षावाला त्याला कधी हो म्हणत नाही. आपल्याला कोणी थोडं घाबरावं एवढीच माफक इच्छा, आणि ती भागवायला चाळीस किलोंचा काळा-तांबूस ऐवज. यात त्याला लाज वाटायचं कारण नाही, कारण या जातीचा जन्मच अशा गरजेतून झाला आहे. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातल्या आपोल्डा गावी कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान नावाचा माणूस करवसुलीचं काम करायचा, असं सांगतात. खिशात लोकांचे पैसे आणि वाटेत ते देणाऱ्या लोकांचे शिव्याशाप, अशा माणसाला सोबतीला कुत्रा हवा होता. तो मिळेना, म्हणून त्याने तो तयारच केला. कोणकोणत्या जाती मिसळल्या, याची नोंद त्याने ठेवली नाही. पैन् पैचा हिशेब ठेवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने एवढा एकच हिशेब लिहून न ठेवल्यामुळे श्वानतज्ज्ञ आजही वाद घालत आहेत. 1894 साली तो वारला आणि जातीला त्याचं नाव लागलं. पहिला डॉबरमनवाला तोच.

सगळी मेख या करवसुलीत आहे. वसुली करणारा माणूस घरी बसत नाही, दारोदार हिंडतो. त्याला वाडा राखणारा कुत्रा नको होता, बरोबर चालणारा हवा होता. धनगराचा कुत्रा मेंढरं राखतो आणि धनगर दूर बसला तरी त्याचं बिघडत नाही; शेतावरचा कुत्रा जमिनीची हद्द सांभाळतो. डॉबरमनच्या वाट्याला आलेली मालमत्ता म्हणजे एक चालता माणूस. दुसऱ्या महायुद्धातही त्याचं हेच झालं. 1944 साली गुआम बेटावर अमेरिकन मरीन दलाची जी 25 कुत्री कामी आली, त्यांच्या स्मारकावर डॉबरमनचा पुतळा आहे. त्या कुत्र्यांचं कामही आपापल्या सैनिकासोबत राहून त्याला पुढच्या धोक्याची चाहूल देण्याचं होतं. तेव्हा आपल्याकडे बंगल्याच्या मागच्या बाजूला साखळीने बांधून 'आता राख' असं जेव्हा त्याला सांगितलं जातं, तेव्हा काय राखायचं हेच त्याला कळत नाही. राखायचा ऐवज तर आत सोफ्यावर बसून बातम्या पाहतोय.

त्यामुळे घरात घेतलेला डॉबरमन आपलं काम विलक्षण निष्ठेने करतो, आणि ते काम म्हणजे मालक. मालक स्वयंपाकघरात गेला की हा स्वयंपाकघरात. मालक न्हाणीघरात गेला की हा दाराला नाक लावून बाहेर, आणि आतून पाण्याचा आवाज थांबला की काळजीने एक सुस्कारा. कुत्र्यांच्या हुशारीवर स्टॅन्ली कोरेन यांनी 1994 साली लिहिलेल्या पुस्तकात आज्ञापालनात डॉबरमनचा पाचवा क्रमांक लावला आहे. डॉबरमनवाला हे प्रत्येकाला सांगतो. पण घरात आज्ञा कोण देतं आणि पाळतं कोण, हे पाहणाऱ्याला लगेच कळतं. पहाटे साडेपाचला मालकाला उठवलं जातं. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास चालवलं जातं, कारण हा चालण्यासाठी जन्मलेला प्राणी चालायला मिळालं नाही तर सोफ्याचा कापूस मोजायला घेतो. अंगावर नुसते आखूड केस, खाली ऊबदार लव नाही. म्हणून डिसेंबर लागला की ज्या जनावराने चोराचा थरकाप उडवायचा, ते स्वतःच कुडकुडतं आणि घरातल्या आजी त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतात. पोटभर खाऊन लगेच धावला तर पोट फुगून जिवावर बेतू शकतं, म्हणून जेवणानंतर त्याला वामकुक्षी सक्तीची आणि सोबत म्हणून मालकालाही. या जातीत हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगण्याचा आजार बराच आढळतो. त्यामुळे स्वतःचं बीपी गेल्या दिवाळीनंतर न तपासलेला माणूस कुत्र्याचा टूडी इको दरवर्षी करून घेतो आणि रिपोर्ट प्लास्टिकच्या फाइलीत लावतो. पावसाळ्यात रोज रात्री बोटांच्या फटीतल्या गोचिडी शोधणं हा तर कौटुंबिक कार्यक्रमच.

यावर कोणी म्हणेल, एवढा गरीब आहे तर डॉबरमन चावल्याच्या बातम्या येतात त्या काय खोट्या? खोट्या नाहीत. पण ज्याचा सगळा जीव एका माणसात अडकलेला, त्याला दिवसभर साखळीला बांधायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने दगड मारायचे, लहानपणी माणसांत मिसळू द्यायचं नाही आणि वर 'तिखट झाला पाहिजे' म्हणून चिथवायचं; मग त्याने करायचं तरी काय? घरात लहान मूल असेल तर दोघांना एका खोलीत एकटं सोडू नये, हे मी कुठल्याही जातीच्या कुत्र्याबद्दल म्हणेन. या जबड्याबद्दल जरा मोठ्याने म्हणेन. 'काही करत नाही' हे वाक्य खरं ठरायला पहिल्या वर्षाचं शिक्षण लागतं, आणि ते न देता नुसतं वाक्य म्हणणारा माणूस विनोदी नव्हे, बेजबाबदार आहे. दुसरा आक्षेप असा, की प्रेमळच हवा तर लॅब्रॅडॉर का नाही? लॅब्रॅडॉर सगळ्या जगावर प्रेम करतो, त्यात तुमचा वाटा किती? ज्याचं म्हणणं सोसायटीत कोणी ऐकत नाही, त्याचं पाऊल वाजताच कान टवकारणारं घरात कोणीतरी आहे, ही चैन वेगळी.

कानांवरून आठवलं. डॉबरमनची निम्मी जरब त्या उभ्या कानांत असते आणि ते कान त्याचे नसतात. पिल्लूपणी कापून, पट्ट्या लावून ते उभे केलेले असतात. खुद्द जर्मनीत हे कापणं केव्हाच बंद झालं. निसर्गाने दिलेले कान ठेवले तर ते लोंबतात, आणि तोच राक्षस बसमध्ये पाकीट हरवलेल्या मास्तरांसारखा दिसू लागतो. म्हणजे जी भीती विकत घ्यायला माणूस गेला होता, ती कुत्र्यात नव्हतीच, पट्टीत होती. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून घातक म्हणून 23 जातींच्या विक्रीला आणि पैदाशीला मनाई करायला सांगितलं (पुढे न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं), त्या यादीत रॉटविलर होता, डॉबरमन नव्हता. डॉबरमनवाल्याला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण यादी त्याने दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचताना चेहरा थोडा उतरला होता.

पाटी तो काढत नाही. चोर आला तर हा करेल काय, असं विचारलंच तर उत्तर तयार असतं, ''आधी मला उठवेल.'' तेही खरंच आहे. फक्त त्या वेळी चाळीस किलोंचं हे संरक्षण मालकाच्या उजव्या हातावर डोकं ठेवून निजलेलं असणार, आणि हाताला मुंग्या आल्या तरी त्याची झोपमोड नको, म्हणून मालक हलणार नाही.