रवी खंय गेली?

"गो माई, माझी रवी तुझ्याकडे इली काय?"

सकाळचे सात वाजलेले. शेजारच्या वैनी कुंपणाशी उभ्या, हातात दह्याचं गाडगं, कपाळावर आठी. रवी माझ्याकडे आली नव्हती, पण ती कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी जास्वंदीला पाणी घालताना मी ती डोळ्यांनी पाहिली होती. सांगावं की गप्प बसावं? क्षणभर विचार केला. पण वेंगुर्ल्यात जन्म काढलेल्या बाईच्या पोटात अशी गोष्ट रात्रभर राहिली तीच पुष्कळ झाली.

"वैनी, तुमची रवी रम घुसळते आहे."

वैनींचा संजू नऊ महिने बोटीवर असतो आणि मे महिन्यात घरी येतो. तो 'हॉटेल लायनीत' आहे एवढंच वैनी सगळ्यांना सांगतात. बोटीवरच्या बारमध्ये उभा राहून तो गोऱ्या लोकांना रमची पेयं करून देतो, हे अख्ख्या आळीला माहीत आहे, फक्त त्यांच्यासमोर कोणी काढत नाही. आता तो घरच्या पडवीतच बार मांडून बसलेला. वय अठ्ठावीस, परवाना खिशात, म्हणजे कायद्याने कोणी बोट दाखवायला जागा नाही. आईने दाखवलं तर गोष्ट वेगळी.

काय काय पाहिलं, ते मी त्यांना इथून तिथून सांगितलं. आधी फ्रीजमधला बर्फ संजूच्या बाबांच्या, म्हणजे भाऊंच्या, धुतलेल्या पंच्यात गुंडाळला आणि पायरीवर ठेवून वरवंट्याने ठेचला. मला वाटलं कोणाचा पाय मुरगळला. मग उंच ग्लासात तळाला पुदिना, त्यावर साखरेचा पाक, लिंबू, रम, आणि वर काठोकाठ तो चुरा. त्यात रवी उभी केली आणि दांडा दोन तळव्यांत धरून फिरवला, अगदी तुम्ही ताकाला बसता तसा. बघता बघता ग्लासाची बाहेरची बाजू पांढरी झाली, बोटं उमटतील इतकी. मी हातातला पाइप जास्वंदीवर धरायचा विसरले, पाणी सगळं अळवात.

"अरे मेल्या!" वैनींनी तिथूनच हाक मारली. "देवाक लोणी काढूची रवी ती!"

संजू तोंडात ब्रश घेऊनच आला. रवी चिंच लावून घासून ठेवली आहे, म्हणाला. आणि माझ्याकडे वळून, जसं काही मीच न्यायाधीश: "माई, तिकडे त्रिनिदादला हे असंच करतात. तिथल्या बेटांवर एक झाड असतं, त्याच्या फांदीला टोकाशी चक्राकार फाटे फुटतात. ते तोडून, साल काढून जे होतं, ती रवीच. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये क्वीन्स पार्क नावाचं हॉटेल होतं, त्या हॉटेलचं हे पेय, क्वीन्स पार्क स्विझल."

"आणि वर ते लाल लाल काय ओतत होतास?" मी विचारलं. आता उघड झालंच आहे तर सगळंच विचारून घ्यावं.

त्याने आतून एक बुटकी बाटली आणली. कागदी लेबल बाटलीपेक्षा मोठं, मानेपर्यंत आलेलं, लहान पोराला थोरल्याचा सदरा घातल्यासारखं. अँगोस्टुरा बिटर्स. झिगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1824 मध्ये व्हेनेझुएलात पोटाच्या तक्रारींवर काढलेलं औषध, पुढे त्याच्या मुलांनी कारखाना त्रिनिदादला नेला. वैनींनी बूच काढून वास घेतला, करंगळीवर थेंब घेऊन जिभेला लावला.

"ह्यो तर किराईताचो काढो!"

चूक नव्हती हो बाईंची. त्यात जेन्शियनचं मूळ असतं, आणि जेन्शियन नि आपला काडेकिराईत एकाच कुळातले. ज्या बाईने तीन पोरांना नाक दाबून किराईत पाजला, तिच्या जिभेला कोण फसवणार? पण त्या थेंबाने मामला जरा बदलला. औषध आहे म्हटल्यावर वैनी कुंपणाला टेकल्या. टेकल्या म्हणजे तासाभराची निश्चिंती.

मग संजूने अननसाचं काढलं. पोर्तो रिकोमध्ये, सान हुआनच्या कॅरिबे हिल्टन हॉटेलात मोंचितो मारेरो नावाच्या बारवाल्याने 1954 साली पिन्या कोलादा बसवलं म्हणतात. साल ऐकून मी कान टवकारले, कारण आपली ओल्ड मंक बाजारात आली तीही 1954 मध्येच. मी ग्रंथपाल होते, मला असे आकडे चिकटतात. रमशी माझा संबंध तेवढाच. तर ते पेय म्हणजे साठ मिली रम, नव्वद मिली अननसाचा रस आणि पंचेचाळीस मिली गोड केलेलं नारळाचं दाट दूध, बर्फावर घोळून. तिकडे हे नारळाचं डब्यातून येतं. संजूने आदल्या दिवशी विळीवर नारळ खवून, पहिलं दूध पिळून, त्यात साखर विरघळवली होती. वाटीभर उरलेलं आणून आईपुढे धरलं.

वैनींनी चाखलं. "ह्यो शिरवाळ्यांचो रस रे! गूळ खंय आसा?"

गूळ घालायची कल्पना संजूला पटली, हे त्याच्या तोंडावर दिसलं. पण लगेच आईला शाबासकी कोण देणार?

त्याला चढू द्यायचं नाही म्हणून मी मध्येच फ्रायर काढला. तो प्लँटर्स पंचबद्दल सांगत होता: आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन आणि पाणी-बर्फ चार, वरून किसलेलं जायफळ, सगळं तिकडच्या मळेवाल्यांचं. म्हटलं, अरे, पंच म्हणजे आपले पाच. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर 1670 च्या दशकात या किनाऱ्यावर हिंडला. त्याचं पुस्तक लंडनला 1698 मध्ये निघालं. त्यात लिहिलंय की नेरूळची अरक सगळ्यांत चांगली, आणि इंग्रज तिच्यापासून पाच वस्तूंचं पेय करतात, म्हणून त्याचं नाव पंच. नेरूळ म्हणजे नवी मुंबईतलं नव्हे, बार्देशातलं, कांदोळीच्या शेजारचं. काही पंडितांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. त्यांनी वेंगुर्ल्याला यावं, कुंपणाशी बोलू.

"म्हणजे माई, मी नऊ महिने आपलाच माल त्यांना विकतोय?"

"आणि लिंबं कोणाची विकतोयस?" आता मी मुद्द्यावर आले. लिंबाचं झाड माझं, पण दोन फांद्या त्यांच्या बाजूला. चार दिवसांत त्या फांद्या बोडक्या झालेल्या. यावर संजूने जे सांगितलं ते मात्र मला पटलं. बाटलीतलं लिंबू चालतच नाही, लिंबू त्याच वेळी कापायचं. सकाळी पिळून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत उतरतो. डायकिरी नावाचं जे पेय आहे, क्युबातल्या सांतियागोजवळच्या खाणींच्या गावावरून नाव पडलेलं, त्यात रम, लिंबू आणि साखर यांखेरीज काहीच नाही, लपायला जागा नाही. साठ मिली रमला पंचवीस मिली लिंबू, वीस मिली पाक. मापासाठी त्याने खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं झाकण घेतलं होतं, मिलीच्या रेघा असलेलं.

"लिंबू पिळूक माप कित्याक?" वैनी म्हणाल्या. "सरबत करताना मी कधी मापलंय?"

"म्हणून तुझं सरबत रोज वेगळं होतं, आई."

हे बोलायला नको होतं. वैनींनी गाडगं कुंपणाच्या खांबावर ठेवलं आणि गेल्या आठवड्यातलं प्रकरण बाहेर काढलं. ते मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत नसलेलं प्रकरण आळीत असू शकतं याचंच मला जास्त वाईट वाटलं. झालं असं की डायकिरी हलवायला भांडं नाही म्हणून संजूने पोह्यांचा स्टीलचा डबा घेतला. बर्फ घालून खांद्यावर धरून जोरजोरात हलवला. गारठ्याने डबा आवळला आणि झाकण घट्ट बसलं. भाऊ मदतीला आले. भाऊ मदतीला आले की काय होतं हे आम्ही पस्तीस वर्षं बघतोय. त्यांनी डबा गुडघ्यात धरून झाकणाला हिसका दिला, झाकण गेलं माडाच्या आळ्यात आणि रम गेली अंगणात वाळत घातलेल्या फणसपोळीवर.

"दोन ताटां!" वैनी म्हणाल्या. "बरक्या फणसाची. टाकवत नाय आणि खावक पण होत नाय."

"मग?"

वैनी दह्याच्या गाडग्यात बघू लागल्या. संजू ब्रश धुवायला आत गेला, तो आलाच नाही.

"उन्हात तीन दिवस वाळली गो. वास काय एक येणा नाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "परवा तुझ्याकडे डबो धाडलंय, त्यातली."

परवाचा डबा. मला फणस सोसत नाही, मी तुकडाही मोडला नव्हता. आमच्या ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षं एकादशी चुकलेली नाही, चहासुद्धा कोरा घेत नाहीत. मी घरात आले तर ओटीवर झोपाळ्यात बसून रिकाम्या डब्याच्या कडा बोटाने निपटत होते.

"यंदाची फणसपोळी वैनींना फार साधली," ते म्हणाले. "गळ्यात कशी छान ऊब येते. काय घालतात गं?"

"वेलची," मी म्हटलं. "यंदा जरा जास्त पडली म्हणत होत्या."

"मग अजून असेल तर माग की."