बोलावणं

"अगं, बोलावणं आलं!" असं मी ओरडलो तेव्हा ही देवाजवळ दिवा लावत होती. वात तशीच हातात धरून बाहेर आली. "अहो, तिन्हीसांजेला असं भलतंसलतं बोलू नये. कुणाला आलं?"

आमच्या वयात हा शब्द जपून वापरायला हवा, हे खरं. पण हे बोलावणं वरून आलेलं नव्हतं. ते एका मेडिकल कॉलेजातून, ईमेलनं आणि नातीसाठी आलं होतं. सप्टेंबरातली संध्याकाळ होती. आम्ही जूनपासून लेकीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला होतो. नातीनं ईमेल वाचला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग मला मिठी मारली. एवढा पुरावा मला पुरेसा होता. मी ताबडतोब पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेचार वाजले होते, पण असल्या बातमीला वेळ पाहायची नसते. "पोरीला मेडिकलला बोलावलंय," एवढंच मी म्हणालो. बाकीचं काम पुण्यानं केलं. इकडे सकाळी उठून फोन पाहतो तो आमच्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी गुडघ्याचा एक्स-रे पाठवलेला. खाली लिहिलं होतं, 'नातीला सवडीनं दाखवणे. ऑपरेशन टाळता आल्यास बरे.'

मी ओक ट्री रोडवर जाऊन पेढे आणायच्या तयारीत होतो. जावयांनी गाडीची किल्लीच काढून घेतली.

"बाबा, हा साखरपुडा नाही. हे कांदेपोहे आहेत."

जावई मूळचे सांगलीचे. अमेरिकेत येऊन पंचवीस वर्षं झाली तरी उपमा अजून सांगलीतच राहते. "त्यांनी पत्रिका पाहिलीय, गुण जुळलेत, आता मुलगी बघायचीय," ते म्हणाले. "आणि पोहे आपल्या एकट्याच्या घरी नाहीत. जागा दीडशे असल्या तर काहीशे जणांना बोलावतात. पण हजारो जणांना तर नुसतं उत्तरही येत नाही, तेव्हा हेही थोडं नाही."

गुणांबद्दल मला मुळात शंका होती. इथल्या प्रवेश परीक्षेला एमकॅट म्हणतात. तिचे मार्क ४७२ पासून सुरू होतात आणि ५२८ ला संपतात. म्हणजे सकाळी जाऊन साडेसात तास नुसतं डुलक्या घेत बसलं तरी ४७२! मला मॅट्रिकला सगळे विषय मिळूनसुद्धा एवढे नव्हते. पण वरच्या छप्पन्न मार्कांत सगळं रामायण असतं म्हणे. वर्षाला पन्नास हजारांच्या वर मुलं एमडीच्या कॉलेजांना अर्ज करतात आणि तेवीस हजारांच्या आसपास आत जातात.

आणि अर्ज तरी कसला! मी बँकेत लागलो तो एका पानाच्या अर्जावर, त्यातलं अर्धं पान वडिलांचं नाव आणि कायमचा पत्ता. नातीनं मे महिन्यापासून जे लिहिलं त्यात 'मला डॉक्टर का व्हायचंय' हा ५३०० अक्षरांचा निबंध होता, शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. मोकळ्या जागेचा हिशेब फक्त सदनिकेत धरतात अशी माझी समजूत होती. शिवाय आयुष्यात काय काय केलं त्याचे पंधरा रकाने. हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलले, प्रयोगशाळेत उंदीर सांभाळले, मराठी शाळेत चिमुरड्यांना बाराखडी शिकवली. एवढं झाल्यावर प्रत्येक कॉलेजानं आपापले आणखी निबंध पाठवले, आणि निबंधाबरोबर फीसुद्धा. आपल्याकडे नीटच्या ७२० पैकी किती, एवढं विचारून गप्प बसतात. पोरगं कसं आहे हे पाहायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पुण्याच्या एएफएमसीत तेवढी मुलाखत असते, पण तिथे मुळात फौज आहे.

तर, इंटरव्ह्यू हे प्रकरण मार्क संपतात तिथे सुरू होतं. कागदावर तुम्ही चालणार आहात हे त्यांनी ठरवलेलं असतं. आता कागद बाजूला ठेवला तर मागे कोण उरतं, ते पाहायचं. ऑगस्ट-सप्टेंबरपासून वसंत ऋतूपर्यंत हे पाहणं चालतं, आणि पहिले होकार १५ ऑक्टोबरच्या आधी द्यायचे नाहीत असा दंडक आहे. लेकीनं हे ऐकवलं आणि आमचं ऑक्टोबरचं परतीचं तिकीट नोव्हेंबरअखेर ढकललं. "पोरीला तुमचा आधार होईल," ती म्हणाली. ही काहीच बोलली नाही, नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. एकूणच मी ते फारसं देत नाही.

आधार द्यायला मात्र मी एका पायावर तयार होतो. बँकेत प्रमोशनच्या मुलाखती घेण्यात माझी अकरा वर्षं गेली आहेत. दुसऱ्या दिवशी मी डायनिंग टेबलाच्या पलीकडे इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, समोर फाइल ठेवली (आत पिझ्झाची कुपनं होती) आणि नातीला दार वाजवून आत यायला लावलं.

"स्वतःबद्दल सांगा."

इथेच आमची गाडी अडली. मुलगी हुशार, बोलकी, पण 'मी' म्हणताना अडखळायची. उंदरांवरचं संशोधन 'आम्ही' केलं. मराठी शाळा 'सगळ्यांनी मिळून' चालवली. बक्षीस 'मिळून गेलं'. मी रागावलो, "अगं, सगळं तूच केलंस ना? मग तसं सांग की!" तर म्हणाली, "आबा, आपण होऊन आपलं कौतुक करू नये, असं तूच म्हणालास. मी सात वर्षांची होते. पुण्याला." तेव्हा मी म्हणालो असणार. आमच्या घरात हे वाक्य वडिलोपार्जित आहे, तीन पिढ्या सगळे एकमेकांना ऐकवतात. स्वतःचं कौतुक करणारा माणूस आमच्याकडे एकतर पुढारी समजतात किंवा इस्टेट एजंट.

मग मी पुढचा प्रश्न टाकला. "डॉक्टर का व्हायचंय?"

"लोकांची सेवा करायची आहे."

मला उत्तर फर्स्टक्लास वाटलं. मी फाइलवर टिकमार्कही केला. पण सोफ्यावरून लेक म्हणाली, "मग नर्स का नाही?" हा म्हणे तिकडचा हमखास पुढचा प्रश्न. सेवा तर नर्सही करते, जास्तच करते. मग डॉक्टरच का? नात गप्प. मीही गप्प. आमच्या ओळखीत आजवर पंधरा-वीस तरी डॉक्टर झाले असतील, त्यांतल्या एकालाही 'का' असं विचारल्याचं मला आठवेना. मार्क पडले की डॉक्टर व्हायचं, थोडे कमी पडले की इंजिनिअर. त्याहून कमी पडले तेव्हा मी बँकेत गेलो.

'का' हा प्रश्न ज्यांना खरोखर विचारला गेला अशा एकच मराठी बाई मला आठवतात. १८८३ साली आनंदीबाई जोशी बंगालमध्ये श्रीरामपूरला होत्या. त्यांचे पती गोपाळराव तिथे पोस्टात होते. अमेरिकेला निघण्याआधी आनंदीबाईंनी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केलं, आणि लोक त्यांना जे विचारून भंडावत होते ते सहा प्रश्न घेऊन एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का, इथे शिकायची सोय नाही का, एकटीच जाणार का, परत आल्यावर वाळीत टाकलं तर, संकट आलं तर, आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करणार. तेव्हा त्या अठराच्याही नव्हत्या. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजनं पुढे त्यांना घेतलं आणि १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. माझ्या मते त्यांचा खरा इंटरव्ह्यू श्रीरामपूरलाच झाला होता. फिलाडेल्फिया एडिसनपासून गाडीनं तासा-दीड तासावर आहे हे नातीला सांगितल्यावर ती म्हणाली, "आबा, प्रेशर देऊ नकोस."

पाठांतर करून घ्यायचा माझा बेतही फसला. मी तिला 'का'चं झकास उत्तर लिहून दिलं होतं, मधे एक संस्कृत सुभाषित घालून. तिनं ते घडाघडा म्हणून दाखवलं आणि स्वतःच हसत सुटली. वक्तृत्व स्पर्धेच्या तिसऱ्या बक्षिसासारखं वाटत होतं. पाठ केलेलं समोरच्याला तीस सेकंदांत कळतं, हे मला माहीत असायला हवं होतं. मी मुलाखती घ्यायचो तेव्हा मलाही कळायचं. त्याऐवजी तिनं स्वतःचाच अर्ज पुन्हा पुन्हा वाचला. काही ठिकाणी समोरच्यांनी अर्ज आधी वाचलेला असतो आणि ते कुठल्याही ओळीवर बोट ठेवू शकतात. काही ठिकाणी त्यांना तुमच्याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं.

या कॉलेजचा प्रकार आणखी वेगळा निघाला. एमएमआय. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात शतकाच्या सुरुवातीला निघालेली ही पद्धत. एकच लांबलचक मुलाखत न घेता आठ-दहा छोटी स्टेशनं ठेवायची. दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो. तो साधारण दोन मिनिटांत वाचायचा, आत जाऊन आठेक मिनिटं बोलायचं आणि घंटा झाली की वाक्य अर्धं टाकून पुढच्या दाराशी. प्रत्येक दाराआड माणूस वेगळा. एकानं तुम्हाला नाक मुरडलं तरी बाकीचे नऊ शिल्लक राहतात. हे ऐकून मी थोडा वरमलो. एका उमेदवाराला, तो माझ्याच शाळेचा निघाला म्हणून, मी एकदा दोन मार्क जास्त दिले होते. माझ्यासारख्यांवर इलाज म्हणून एका विद्यापीठाला एवढी दारं बसवावी लागली.

रविवारी घरभर स्टेशनं मांडली. (खरा इंटरव्ह्यू कॅमेऱ्यासमोरच व्हायचा होता, २०२० नंतर बहुतेक तसेच होतात. त्यामुळे वर कोट आणि खाली पायजमा ही तयारी निराळी.) गॅरेजच्या दारात जावई, ज्याच्या गाडीला तुम्ही धक्का दिलाय असा शेजारी. त्यांची गाडी नातीनं गेल्या वर्षी खरोखरच ठोकल्यामुळे काम फार जिवंत झालं. जिन्यापाशी लेक, परीक्षेत कॉपी करणारी मैत्रीण. बेडरूममध्ये मी, 'एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना गाडी चालवणं सोडायला सांगायचं आहे'. मी आठ मिनिटं तिला बोलूच दिलं नाही.

चौथं स्टेशन स्वयंपाकघर. हिला कामात घेतलं नव्हतं, पण माणूस कमी पडला. दारावर लिहिलं होतं, 'पेशंट रक्तदाबाच्या गोळ्या नीट घेत नाहीत. त्यांच्याशी बोला.' ही गवार मोडत बसली होती. मी परीक्षक म्हणून फ्रिजपाशी उभा.

नातीनं सुरुवात छान केली. गोळ्यांचं महत्त्व, पक्षाघाताचा धोका, मूत्रपिंड. ही "बरं, बरं" म्हणत गवार मोडत राहिली. तीन मिनिटं झाली. मग नात मधेच थांबली. बहुधा सांगायचं संपलं असावं. खुर्ची ओढून बसली, चार शेंगा स्वतः घेतल्या आणि म्हणाली, "का गं नाही घेत, आजी?"

"घेते की. अर्धी घेते."

"अर्धी का?"

"चार महिन्यांच्याच आणल्यात. तिकीट पुढे गेलं ना. इथे डॉक्टर केवढ्याला पडतो, तुझ्या बाबांना उगीच भुर्दंड. पुरवून पुरवून घेतेय."

ही अभिनय करतेय असं मला क्षणभर वाटलं. पण गेल्या शेहेचाळीस वर्षांत हिनं अभिनय केलेला मी पाहिलेला नाही. नात काहीच बोलली नाही. पेशंटला दिलासा द्यायची जी वाक्यं आम्ही कार्डावर लिहिली होती त्यांतलं एकही नाही. नुसती शेंगा मोडत राहिली. मग हळूच म्हणाली, "चक्कर येते?" ही म्हणाली, "सकाळी उठताना. ह्यांना सांगू नकोस." मी दोन हातांवर उभा होतो.

ओव्हनचं टायमर वाजलं. नात उठली नाही. ते वाजतच राहिलं तेव्हा मी जाऊन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी हिला डॉक्टरकडे नेलं, बिलाबद्दल जावयांनी हिला अवाक्षर कळू दिलं नाही. पण त्या संध्याकाळी नियमाप्रमाणे मार्क द्यायचे होते. जावयांनी नऊ दिले, लेकीनं आठ, मी दहा. हिनं चष्मा लावून कागद नीट वाचला आणि सहा लिहिले.

"आजी! सहाच?"

"घंटा झाली की उठायचं, असं लिहिलंय वर. तू बसूनच राहिलीस."