पोर्टफोलिओ तयार आहे

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मॉडेलिंग एजन्सीविरुद्ध तक्रारी करणाऱ्या पालकांचा आम्ही जाहीर निषेध करतो. ‘बाळाचा चेहरा जाहिरातीचाच आहे’ हे ऐकून मान कोणी डोलावली होती? एजन्सीने नोंदणी शुल्क घेतले, पोर्टफोलिओचे पैसे घेतले, फोटोही दिले. काम देऊ, असे करारात कुठे लिहिले आहे? ‘मेड इन यूएसए’चा उलगडा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा करणाऱ्या शहराला बारीक अक्षरांचे वावडे कधीपासून?

शिवाय हद्दीचा प्रश्न. पैसे उल्हासनगरात भरले, फोटो अंधेरीत निघाले, आई बदलापूरची. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ म्हणते, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात द्या. पण मग ठाण्याठाण्यांतून फिरण्याने मुलांना मिळणारा रॅम्पवॉकचा सराव बुडणार, त्याचे काय?

एजन्सीने मात्र मोठ्या मनाने तडजोड सुचवली आहे. ‘फसवणुकीपासून सावध राहा’ या जाहिरातीसाठी रडवेले चेहरे हवे आहेत. सर्व तक्रारदारांची निवड पक्की. फक्त पोर्टफोलिओ नव्याने काढावा लागेल. जुन्यात सगळे हसत आहेत.