इराण व्हाया उधना

(सुरतेच्या उधन्यातलं दोन खोल्यांचं घर. तळमजल्यावर लूमची खटखट, तिच्यावर आवाज चढवून बोलायची इथे सगळ्यांनाच सवय. पुण्याचा मेहुणा इराणची टूर करून थेट बहिणीकडे आलाय. मोबाईल फोटोंनी भरलाय आणि दाजींची आज पाळी नाही. तेव्हा सुटका नाही.)

मेहुणा : दाजी, हे लूतचं वाळवंट. 2005 साली उपग्रहानं जमिनीचं तापमान मोजलं. 70.7 अंश!

दाजी : बरं.

मेहुणा : बरं काय? सत्तर अंश, दाजी!

दाजी : पाहुणे, आमच्या प्रोसेस हाऊसमध्ये स्टेंटर मशीन आहे. पॉलिएस्टर आत शिरतं तेव्हा आत 180 अंश. त्याच्या तोंडाशी मी पाळी काढतो. तिकीट नाही, वर पगार मिळतो.

मेहुणा : अहो, पण हा निसर्ग आहे! वाऱ्यानं कोरलेले मातीचे उंचच्या उंच बुरूज. कलूत म्हणतात त्यांना.

दाजी : ते मात्र आमच्याकडे नाही. ते तुमचं. पुढचा फोटो.

मेहुणा : हे यझद शहर.

दाजी : यझदचा एक माणूस आमच्या चांगल्या परिचयाचा आहे.

मेहुणा : कोण हो?

दाजी : इसहाक बेग यझदी. शाहजहानच्या काळात, 1644 मध्ये, त्यानं सुरतेत मुसाफिरांसाठी मोठी सराय बांधली. हजला निघालेले यात्रेकरू जहाज मिळेपर्यंत तिथे राहायचे. इंग्रजांनी तिचा तुरुंग केला. 1867 पासून तिच्यात पालिका बसते. मुगलीसरा! दरवर्षी घराचा वेरा भरायला जातो की मी.

मेहुणा : म्हणजे सुरत महापालिकेचं ऑफिस यझदच्या माणसानं बांधलंय? आतून कसं आहे हो?

दाजी : खिडकी आहे. खिडकीला जाळी आहे.

मेहुणा : कमानी? चौक?

दाजी : रांगेत पुढच्याची पाठ दिसते. पुढे चला.

मेहुणा : (घसा साफ करून) हे यझदचं अग्निमंदिर. इमारत 1934 ची. काचेमागे आतश बेहराम, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा पवित्र अग्नी. अख्ख्या इराणात एकच!

दाजी : एकच? अरेरे.

मेहुणा : अरेरे कशाला?

दाजी : आमच्या लाईनीवर आठ आहेत. सुरतेत दोन, दोन्ही 1823 चे. नवसारीला एक, उदवाड्याला एक, मुंबईत चार. जगात नऊ, त्यातले आठ वेस्टर्न रेल्वेनं बांधून घेतल्यासारखे. उदवाड्याचा इराणशाह तर 1742 पासून तिथे आहे.

मेहुणा : मी काचेतून ज्वाळा पाहिली. तुम्हाला आत सोडतात?

दाजी : नाही. पारशी सोडून कुणालाच नाही.

मेहुणा : (मांडीवर थाप मारून) मग?

दाजी : मग काय? देवघर आहे ते त्यांचं. तुमच्या मातोश्री अजून मला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नाहीत, मी काही तक्रार करतो?

ताई : (आतून) ते तुमच्या चपलांमुळे!

मेहुणा : बरं, हे तरी नीट बघा. कनात! डोंगराच्या पायथ्यापासून ओळीनं विहिरी खणायच्या, तळाशी बोगद्यानं जोडायच्या आणि बोगद्याला जरासा उतार द्यायचा. पाणी आपल्या पायांनी गावात येतं. पंप नाही, वीज नाही, आणि जमिनीखालून येतं म्हणून उन्हात आटतही नाही. यझदची जारच कनात 70 किलोमीटरच्या वर आहे. मी मशिदीखालच्या पायऱ्या उतरून गेलो. अंगावर काटा आला, दाजी!

दाजी : पाहुणे, तुमचं गाव कोणतं?

मेहुणा : हे काय विचारणं झालं? रावेर.

दाजी : भुसावळकडून गाडी आली, रावेर गेलं. पुढे मोठं स्टेशन?

मेहुणा : बऱ्हाणपूर.

दाजी : तिथे कशाला जायचात?

मेहुणा : मावा जिलेबी खायला. आणि लग्नाचा बस्ता बांधायला.

दाजी : तिथे कुंडी भंडारा आहे. 1615 साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळी, तबकुतुल अर्झ नावाच्या इराणी जाणकारानं केलेला. सातपुड्यातलं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत चाललं होतं, त्यानं ते वाटेतच गाठलं. शंभराच्या आसपास कुंड्या, तळाशी सगळ्या जोडलेल्या. खाली उतरायला लिफ्टसुद्धा बसवलीय. काय म्हणता तुम्ही त्याला?

मेहुणा : (बऱ्याच वेळानं) कनात.

दाजी : हां.

मेहुणा : ते जमिनीवर गोल गोल कठडे आहेत, तेच ना? दाजी, त्यांच्यावर बसून आम्ही जिलेबी खाल्लीय.

(दाजी इतके हसतात की लूमची खटखट ऐकू येईनाशी होते. ताई चहा घेऊन बाहेर येते.)

ताई : हसताय काय? तुम्ही तरी कुठे पाहिलंय? ताप्ती-गंगेत बसलात की चलथाण यायच्या आत घोरायला लागता. हे सगळं मिलमधल्या बावाजीनं डबा खाताना सांगितलेलं.

दाजी : ऐकीव असलं तरी खरंय ना?

ताई : खरंय. पण आपल्या तिघांत पाहून आलेली मी एकटीच. बहरोट.

मेहुणा : हे कुठे आलं?

ताई : घोलवडला उतरायचं, बोर्डीजवळचा डोंगर. पारशांचं संजाण हल्ल्यात पडल्यावर त्यांनी पवित्र अग्नी तिथल्या गुहांत नेऊन बारा वर्षं सांभाळला, असं ते सांगतात. मग वांसद्याला, मग नवसारीला. भिशीच्या बायका मिळून चढलो आम्ही.

दाजी : तू तर म्हणालीस, चिकू आणायला चाललेय!

ताई : आणले की. उतरल्यावर.

मेहुणा : ताई, फोटो?

ताई : एका हातात पदर, दुसऱ्यात काठी. फोटो काय दातांनी काढू?

मेहुणा : मग उद्या जाऊ या आपण!

दाजी : उद्या मला पाळी आहे.

ताई : रात्रीची आहे. सकाळच्या गाडीनं निघालो की संध्याकाळी घरी.

दाजी : वर चहा मिळतो का?

ताई : मिळतो. थर्मास तुम्ही उचललात तर.