शांत किनाऱ्याचं लेखापरीक्षण

व्हिएतनामला ३,२०० किलोमीटरहून लांब समुद्रकिनारा आहे. त्यातला एकही किलोमीटर आमच्या घरातल्या तीन माणसांना एका वेळी पसंत पडत नाही, हे सिद्ध व्हायला गणपती ते दिवाळी एवढा काळ गेला. हिला गर्दी नको होती. हिच्या भावाला ‘काहीतरी ॲक्टिव्हिटी’ हवी होती. मला शांतता हवी होती. बँकेच्या तपासणी खात्यात हयात काढलेला माणूस मी. ज्या शाखेत पाऊल टाकायचो तिथे आपोआप शांतता पसरायची. निवृत्तीबरोबर ती सोय गेली. आता पैसे मोजून विकत घ्यायची वेळ आली.

मी रीतसर तक्ता केला. दा नांग बाद, कारण आमच्या सोसायटीतली अर्धी माणसं तिथे जाऊन आली आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यांचे व्हिडिओ पाहावे लागले आहेत. होइ आन सुंदर, पण तिकडचा पाऊस आपला संपला की जोर धरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळं काय, पूर काय. न्हा त्रांग म्हणजे समुद्राला खेटून उंच इमारती. ते सुख मला मरीन ड्राइव्हवर लोकलच्या तिकिटात मिळतं. फू क्वोकला समुद्रावरून जाणारी जवळपास आठ किलोमीटरची केबल कार आहे, म्हणून मेहुण्याने ते लावून धरलं आणि नेमक्या त्याच कारणासाठी हिने पाडलं.

उरलं मुई ने. हो चि मिन्ह सिटीपासून साधारण दोनशे किलोमीटर, फान थिएत या मासेमारीच्या शहराला लागून. देशातल्या सगळ्यात कोरड्या पट्ट्यांतला एक. हिवाळ्यात तिथे असा वारा सुटतो की जगभरातली माणसं स्वतःला पतंगाला बांधून लाटांवर उडायला येतात. मेहुण्याची ॲक्टिव्हिटी झाली. तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, गर्दीनंतर मार्चमध्ये जायचं ठरलं, म्हणजे हिचंही झालं. वाऱ्याचा आवाज शांततेत धरायचा की नाही, यावर मी माझा शेरा राखून ठेवला.

“फान थिएत म्हणजे ते ग्रहणाचंच ना रे?” झोपाळ्यावरून आत्या म्हणाली.

आत्या शहात्तर वर्षांची. कोकणातल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, दिवाळीपुरती आमच्याकडे आली होती. ती वालाच्या शेंगा सोलतेय असं आम्ही समजत होतो.

२४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. राजस्थानातल्या नीम का थानावरून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत सावलीचा पट्टा गेला. आपल्याकडे दिसलं ते खंडग्रास. आत्याच्या शाळेतले काही शिक्षक डायमंड हार्बरला निघाले होते. तिचंही आरक्षण होतं. दिवाळीत घरची सून ग्रहण बघायला बंगालला जाते म्हटल्यावर सासूबाईंनी अंथरूण धरलं. आत्याने तिकीट रद्द केलं आणि त्या सकाळी मागच्या अंगणात पुठ्ठ्याला भोक पाडून जमिनीवर पडलेली सूर्याची कोर बघितली. एकटीने. बाकीचं घर दारं लावून आत बसलं होतं.

“डायमंड हार्बरवरून सावली समुद्रात शिरली,” आत्या हवेत बोटाने रेघ ओढत होती, “मग ब्रह्मदेश, थायलंड, कंबोडिया, आणि शेवटी हे फान थिएत. तिथून परत समुद्र. फळ्यावर काढून दाखवली होती मी मुलांना.”

त्या ग्रहणानेच मुई ने नावारूपाला आलं, हे खरं आहे. तोवर तिथे नारळी होत्या, कोळी होते आणि त्यांच्या बांबूच्या गोल होड्या होत्या. जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी माणसं लोटली, उजेड झाल्यावर त्यांना किनारा दिसला, आणि पाठोपाठ हॉटेलं उभी राहिली. मी हे तक्त्यासाठी आदल्या आठवड्यात वाचलं होतं. आत्याला ते तीस वर्षं पाठ होतं.

हिने विचारलं, “आत्या, तुमचा पासपोर्ट आहे?”

आत्याने तो पिशवीतून काढून दिला. काही वर्षांपूर्वीच करून ठेवलेला. आतली सगळी पानं कोरी. तपासणीच्या सवयीने ‘का केला होतास’ हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

आता व्हिसा. व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३ च्या ऑगस्टपासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एका प्रवेशाची फी २५ डॉलर. मेहुणा म्हणाला, “भावजी, हे माझ्यावर सोडा. पंधरा मिनिटांचं काम आहे.” तो आयटीत आहे. त्याची सगळी कामं पंधरा मिनिटांची असतात आणि रविवारी जेवायच्या वेळेला निघतात.

पहिली अडचण फोटोची. चष्म्याशिवायचा फोटो हवा, अशी अट. चष्मा काढल्यावर आत्याला मेहुणा दिसेना, फोन दिसेना, भिंतही अंदाजानेच.

“आत्या, सरळ बघा.”

“सरळच बघतेय.”

“तो फ्रीज आहे.”

शेवटी ही फोनच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवायला लागली आणि आत्याने आवाजाच्या रोखाने बघायचं ठरलं. शेजारच्या काकू आरती आहे की काय म्हणून डोकावल्या. फोटो निघाला. त्यात आत्या कुणाचातरी कडेलोट फर्मावत असल्यासारखी दिसत होती, पण दोन्ही कान स्पष्ट होते, त्यामुळे मी मंजुरी दिली.

दुसरी अडचण म्हणजे आमच्या हॉटेलचा प्रांतच नाहीसा झाला. हॉटेलच्या कागदावर बिन्ह थुआन. अर्जातल्या यादीत बिन्ह थुआन नाही. १ जुलै २०२५ ला व्हिएतनामने आपल्या ६३ प्रांत-शहरांची ३४ केली, त्यात बिन्ह थुआन हा दा लात या थंड हवेच्या ठिकाणाच्या लाम डाँग प्रांतात गेला. अलिबाग महाबळेश्वरच्या ताब्यात द्यावं, तसं. हे सापडेपर्यंत मेहुण्याने हॉटेल बोगस आहे असं जाहीर करून त्यांना एक कडक ईमेल पाठवला होता. मग दुसरा, मवाळ. हॉटेलवाल्यांनी सौजन्याने कळवलं, की व्हिसा आले की प्रती पाठवा, त्यावरून आम्ही खोल्या लावून ठेवतो.

काही दिवसांनी व्हिसा आले. मेहुण्याने विजयी मुद्रेने चारही प्रती तत्क्षणी हॉटेलला धाडल्या. मी म्हटलं, आधी छापून दे. पडद्यावर सगळंच बरोबर दिसतं. चूक कागदावरच उठून दिसते, हा माझा नोकरीतला अनुभव. चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि ओळीवर ओळ लावत निघालो. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. पासपोर्ट क्रमांक बरोबर. लिंग: पुरुष.

“आत्या पुरुष आहे,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मेहुण्याचं म्हणणं, अर्जात आधीच तसं भरलेलं होतं. हिचं म्हणणं, तू लहानपणापासून असाच आहेस. मेहुण्याचं पुढचं म्हणणं, तिथे कोण बघतंय एवढं? हे वाक्य मी नोकरीत ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांपैकी बरेचसे निलंबित झाले. आत्याने कागद मागवून घेतला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ पाहून म्हणाली, “त्यांचा काय दोष? हे आमचे अण्णाच आहेत.” अण्णा म्हणजे माझे आजोबा. खरंच अण्णाच होते. मिशा तेवढ्या नव्हत्या.

नवा अर्ज करायचा ठरला. भरलेली फी परत मिळत नाही, म्हणजे आणखी २५ डॉलर. पुन्हा चष्मा, पुन्हा फ्रीज, पुन्हा टाळ्या. या खेपेला आत्या टाळ्यांना हसली आणि फोटो बाद झाला. मग मी बँकेतल्यासारखी पद्धत लावली: मी एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, आत्याने पेन्सिलीने टिक करायची, मेहुण्याने हात मागे बांधून उभं राहायचं. लिंगाच्या रकान्यापाशी आत्या थांबली. “बाई,” ती करड्या आवाजात म्हणाली, आणि दोनदा टिक केली.

जेवणाचा प्रश्न त्यामानाने सोपा. फान थिएतची ख्याती माशांच्या पाण्याची: बोटभर मासे आणि मीठ लाकडी पिंपात भरून जवळपास वर्षभर मुरवतात आणि जो अर्क गळतो तो हरेक पदार्थात पडतो, पालेभाजीतही. पण तिथले बरेच बौद्ध अमावस्या-पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्यामुळे शाकाहारी खानावळी सापडतात. मी तारखा अशा बसवल्या की पौर्णिमा आत यावी. हिने विचारलं, बाकीचे दिवस? बाकीचे दिवस ड्रॅगन फ्रूट. त्याच्या बागा तिथे मैलोन्‌मैल आहेत आणि अवेळी फुलं धरावीत म्हणून रात्रभर दिवे लावून ठेवतात.

प्रत्यक्ष प्रवासाचं थोडक्यात. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आत्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, शिक्का मारला. आत्या जराशी हिरमुसली. तिने चष्मा काढून तयारी ठेवली होती. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग मिळतात, त्यामुळे मी जन्मात प्रथमच कोट्यधीश झालो आणि वीस हजाराची निळी नोट समजून पाच लाखांची निळी नोट शहाळेवालीला देता देता वाचलो. चाम राजवटीतल्या विटांच्या देवळात शंकराची पिंड आहे. तिथे आत्याने हात जोडले. लाल पाण्याच्या ओढ्यातून अनवाणी चाललो, पाय गेरू लावल्यासारखे झाले. पांढऱ्या वाळूच्या टेकड्या पाहायला जीपवाल्याने पहाटे उठवलं. त्या टेकड्यांवर चारचाकी मोटारसायकली फिरवायची परवानगी ज्याने दिली, त्याच्या कानाशी त्यातली एक रोज पहाटे सुरू करावी, एवढंच मला म्हणायचं आहे. मेहुणा तीवर बसून हात हलवत गेला.

हॉटेलपुढची वाळू समुद्राने बरीच खाल्ली आहे. भरतीला लाटा थेट सिमेंटच्या बांधावर येतात. पहिल्या सकाळी आत्याने त्या बांधावर उभं राहून मला विचारलं, कंबोडिया कुठल्या बाजूला? मी दाखवलं. तिने तिकडे पाठ केली आणि समुद्राकडे बघत उभी राहिली. मी नाश्त्याला गेलो, परत आलो, तरी तिथेच होती.

राहिल्या खोल्या. हॉटेलने मेहुण्याने पाठवलेल्या पहिल्या प्रतींवरून चोख व्यवस्था केली होती: तीन पुरुषांना बागेच्या बाजूची तीन पलंगांची खोली, एका बाईला समुद्राकडची, गॅलरीवाली. चूक दाखवून द्यायला मी कागद घेऊन काउंटरकडे निघालो, तर हिने आपली किल्ली उचलून पर्समध्ये टाकलीसुद्धा.

“काही दुरुस्त करायचं नाही आता,” ती म्हणाली. “आणखी पंचवीस डॉलर लागतील.”