हृदय एकाचं, आग्रह चौघांचा

हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद कधी सावकाश वाचून बघा. मीठ कमी, तेल कमी, साखर कमी, तंबाखू बंद, रोज चालणं, पुरेशी झोप. सगळं खरं आहे, वाद घालायला जागाच नाही. फक्त तो लिहिणाऱ्यानं एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे माणूस आपलं ताट आपल्या हातानं वाढून घेतो. परभणी जिल्ह्यात असा माणूस माझ्या पाहण्यात नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती फुगवून म्हणतो. का म्हणतो ते विचारू नये. पण त्या छातीत जे धडधडतं, त्याच्या सातबाऱ्यावर एकट्याचं नाव नसतं. चुलते, मेहुणे, शेजारी आणि बायकोच्या माहेरचे सगळे त्यात हिस्सेदार.

मिठाचंच घ्या. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी गंगाखेडला ताईकडं गेलो आणि जेवायला बसण्याआधीच सांगून टाकलं, ‘ताई, मला मीठ कमी सांगितलंय.’

‘भाजीत घातलंच नाही बघ,’ ताई म्हणाली. खरंच नव्हतं. पण भाजी अळणी लागेल म्हणून शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा आला. ठेचा झोंबेल म्हणून कैरीचं लोणचं. नुसतं लोणचं बरं दिसत नाही म्हणून उडदाचा पापड, आणि पापडाला सोबत तळलेली सांडगी मिरची. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, म्हणजे आणखी सोडियम. भाजी बिचारी ताटाच्या मधोमध निर्दोष बसून होती.

तेलाची कथा याहून सरस. करडईचं तेल हृदयाला चांगलं, हे आमच्याकडं आता सगळ्यांना पाठ आहे. त्यात असंपृक्त स्निग्धाम्लं भरपूर असतात, त्यातही लिनोलिक आम्ल जास्त. शिवाय करडई घरची. ‘परभणी कुसुम’ हा वाण आमच्याच कृषी विद्यापीठाचा. पूर्वी ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी असायच्या. काट्यांमुळं जनावर आत शिरत नसे. पुढं त्याच काट्यांमुळं मजूरही शिरेनासे झाले. वाळलेली करडई काढायची तर पहाटे, दवानं काटे जरा नरमलेले असतात तेव्हा. एवढ्या कष्टानं आलेलं तेल काकूंनी आणलं आणि त्यात कढईभर भजी तळली. मी मागं सरकलो, तर म्हणाल्या, ‘खा रे, करडईचं आहे. हृदयाला चांगलं असतंय.’ तेल कोणतंही असो, ग्रॅमला ९ कॅलरी मोजतंच, हे काकूंना कोण सांगणार? मी तर नाही सांगणार. भजी चांगली झाली होती.

ज्वारीच्या बाबतीत मात्र आम्ही कुणाचं ऐकून घेत नाही. ‘परभणी मोती’ आमची, आणि लोह-जस्त जास्त असलेली, २०१८ साली आलेली ‘परभणी शक्ती’ही आमचीच. भाकरीत तंतुमय पदार्थ असतात, पोट लवकर भरतं, डॉक्टरही ‘भाकरी खा’ म्हणतात. या वाक्यातलं ‘खा’ तेवढं घरच्यांना ऐकू येतं.

राहिलं चालणं. १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचा परिसर झाडीचा, पहाटे चालायला त्याहून चांगली जागा शहरात नाही. पण परभणीची थंडी म्हणजे गंमत नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये विद्यापीठाच्याच नोंदीत पारा २ अंशांवर आला होता. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, म्हणून हृदयरोग्यानं ऊन पडल्यावर निघावं हे शहाणपणाचं. मीही हिवाळ्यात हेच कारण सांगून गोधडीत राहिलो असतो. पण दारात मंडळी उभी. ‘ओ भाऊ! उठलाव का नाही? ऊन पडलंय की!’ आवाज असा, की मी नाही उठलो तर समोरचं घर उठतं. आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा जोरात चाला, असं तज्ज्ञ सांगतात; आमच्या मंडळींनी हा आकडा ऐकलेलासुद्धा नाही, पण त्यांच्यामुळं तो भरतो. पथ्याचा कागद दारात येऊन ओरडत नाही.

अर्थात मंडळींचा हिशेब इतका सरळ नाही. अर्धी फेरी झाली की एका लिंबाखाली सगळे थांबतात. गुरुजी चुनाळू काढतात. तळहातावर तंबाखू, नखानं चुन्याचा ठिपका, अंगठ्यानं सावकाश मळणं, मग दोन थापट्या आणि उडालेल्या भुकटीनं मागच्याला शिंक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, या थापटीवर नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी गुरुजींची समजूत. निकोटीन मात्र तेच, नाडी पळवणारं आणि रक्तदाब चढवणारं. आणि गुरुजी एकटे कधीच खात नाहीत, आधी हात दुसऱ्यापुढं करतात. नाही म्हटलं की विचारतात, ‘राग आला का काय?’

शेवटी आग्रहाला आग्रहानंच गाठायचं ठरलं. जो तंबाखू काढील त्यानं सगळ्यांचा चहा पाजायचा. गुरुजींनी पहिल्या आठवड्यात बरेच चहा पाजले, दुसऱ्या आठवड्यात चुनाळू घरी विसरू लागले. त्यांची तब्येत सुधारण्याच्या बेतात असताना आमची साखर वाढली. म्हणून गाड्यावाल्याला बिनसाखरेचा चहा मागितला. तो म्हणाला, ‘एकट्यासाठी वेगळं पातेलं ठेवत नसतो मालक. चौघं तरी व्हा.’

तिघं झालोत. चौथा हुडकायलोत.