एक हळदीची, एक मिरीची, एक उगाचची

हुबळीच्या उणकल तळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत पूर्वी कुणाची साखर किती आली यावर चढाओढ चालायची. आता ती डबीवर आली आहे. सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी उघडून निवृत्त काका एकेक गोळी दाखवतात. ही हळदीची, कर्क्युमिन. ही ग्रीन टीचा अर्क. ही लाल द्राक्षांतलं रेस्व्हेराट्रॉल. आणि ही क्वेर्सेटिन, ती मुलानं अमेरिकेहून धाडलेली.

"आणि बीपीची?"

"ती आहेच. पण ती केमिकल की हो! ह्या सगळ्या झाडपाल्याच्या."

कण्हेरही झाडपालाच आहे. तिची कॅप्सूल मात्र अजून कुणी डबीत ठेवलेली दिसत नाही.

या चारही गोळ्यांच्या कुळाचं नाव पॉलिफेनॉल. आपल्या शरीराला हे पाहुणे फारसे आवडत नाहीत. कर्क्युमिन पोटात गेलं, की आतड्याची भिंत आणि यकृत त्याला शेपूट जोडून बाहेरची वाट दाखवतात. यावरचा तोडगा आपल्याच राज्यात निघाला. 1998 साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी मोजक्या निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे काळ्या मिरीचा अर्क, दिला. रक्तातलं कर्क्युमिन 2000 टक्क्यांनी वाढलं. हाच आकडा आज जगभरच्या बाटल्यांवर मिरवतो. नुसतं कर्क्युमिन दिल्यावर ते रक्तात जवळपास सापडतच नव्हतं, हे मात्र बाटलीवर नसतं. शून्याच्या शेजारून निघालं, की टक्केवारी कुठंही पोचते.

बरं, मिरीनं केलं काय? दारवानाला कोंडून ठेवलं. आता दारवान कोंडला, की एकटी हळदच आत शिरते असं थोडंच आहे? फिटची फिनिटोइन, बीपीची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफिलिन यांचंही रक्तातलं प्रमाण पिपेरीननं वाढतं, हे भारतीय संशोधकांनीच दाखवलेलं आहे. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेनं तर याचा रीतसर उपयोग करून घेतला. क्षयाच्या रिफॅम्पिसिनचा नेहमीचा डोस 450 मिलिग्रॅम. 10 मिलिग्रॅम पिपेरीन घालून तो 200 वर आणला, आणि 2009 साली ती गोळी बाजारात आली. औषधाचा डोस निम्म्याच्या खाली आणणारी ही मिरी काकांच्या हळदीच्या गोळीत मात्र 'नुसती मिरी' असते.

ग्रीन टीचा कारभार उलटा. 2014 साली जपानी संशोधकांना आढळलं, की ग्रीन टीबरोबर घेतल्यास नॅडोलोल या बीपीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण 85 टक्क्यांनी घसरतं. म्हणजे एक पाहुणी औषध वर चढवते, दुसरी खाली ओढते, आणि काका रोज सकाळी बीपीचं मशीन बिघडलं म्हणून दुकानदाराशी भांडतात.

"अहो, आमच्या आजीनं आयुष्यभर हळद खाल्ली, काय झालं तिला?" काही नाही झालं. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. दोन ग्रॅम कर्क्युमिन मिळवायला आजीला दिवसाकाठी साठ-सत्तर ग्रॅम पूड फाकावी लागली असती. आजी आमटीत चिमूट टाकायची. इटलीत 2019 साली हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांना कावीळ होऊ लागली, तेव्हा तिथल्या सरकारला सावध करावं लागलं. न्यूझीलंडमध्ये 2018 साली रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनवरच्या एका रुग्णानं हळदीची गोळी सुरू केली आणि त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, दहाच्या वर गेला. बहुतेकांचा तो दोन-तीनच्या घरात ठेवतात. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी गोळ्यांवाटे दिवसाला 800 मिलिग्रॅमवर गेलं, तर यकृताला इजा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं त्याच वर्षी सांगितलं. कपातल्या चहावर त्यांचा आक्षेप नव्हता.

हळदीचं अमेरिकी पेटंट रद्द करवून घेतलं ते रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं, 1997 साली. केवढा अभिमान वाटला होता आपल्याला! एवढी भांडून परत आणलेली हळद आता आपण अमेरिकेहूनच डबीतून मागवतो.

क्वेर्सेटिनची गंमत तर इथंच, हुबळीच्या कांदा बाजारात आहे. 1995 साली डच संशोधकांनी तुलना केली. कांद्यातलं क्वेर्सेटिन 52 टक्के शोषलं गेलं, शुद्ध पावडरीतलं 24. ज्वारीची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा जिंकला. पण भाकरीबरोबर कांदा खाल्ला, असं तळ्यावर सांगायला जरा कमीपणा वाटतो.

होन्नेच्या लाकडाचा पेला आपल्याकडं बऱ्याच घरी असतो. मराठीत हाच बिबळा किंवा विजयसार. साखर उतरावी म्हणून त्यात रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. याला मी हसणार नाही. आयसीएमआरनं 1990च्या दशकात विजयसारच्या अर्काची चाचणी घेतली, आणि बऱ्याच रुग्णांची साखर खरोखर उतरली. म्हणूनच तो पेलाही औषधांत धरायला हवा. साखरेची गोळी घेऊन वर पेला रिचवला आणि साखर भलतीच खाली गेली, तर दोष गोळीचा का लाकडाचा?

रक्त पातळ करायची गोळी, फिट्सची गोळी, क्षयाचा कोर्स, केमो किंवा किडनी बदलल्यानंतरची औषधं यांतलं काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही कॅप्सूल घेऊ नका. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर डबी बंद करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी "आणखी काही घेता का?" विचारलं, की "छे हो, काही नाही" म्हणू नका. डबी टेबलावर ठेवा.